सुप्याची होळी, जोबऱ्याचा बांबू आणि आपली पेटी

संध्याकाळची कामं आवरली असतील तर बसा, नसतील तर हात चालू ठेवा आणि कान तेवढे इकडे द्या.

मागच्या महिन्यात आम्ही एका गटाच्या बैठकीला गेलो होतो. तेरा जणींचा गट, हजर सहा. बाकीच्या कुठे आहेत विचारलं तर सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या. शेवटी अध्यक्षताई म्हणाल्या, "आज गुरुवार ना. फायनान्सवाला येतो. त्या देवळामागं बसल्यात." म्हणजे एकाच गावात, एकाच वेळी, त्याच बायांच्या दोन बैठका. एकीत बचत गोळा होत होती, दुसरीत हप्ता.

गटात नवीन आलेली एक सून होती. तिने सरळ विचारलं, "ताई, तुमच्या गटात सहा महिने शंभर-शंभर टाकायचे, मग कुठं कर्जाचं नाव काढायचं. तो आठ दिवसांत तीस हजार देतो. तो म्हणतो आमचा पण गटच आहे, बांगलादेशात असंच केलं आणि त्याला नोबेल मिळालं. मग खरा गट कुठला?"

आम्हाला तिथल्या तिथे नीट उत्तर देता आलं नाही. "बचतीची सवय लागते," असं काहीतरी गुळमुळीत बोललो आणि परत आलो. रात्री मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. पोरीचं चुकलं नव्हतं. आपला बचत गट कुठून आला, तो शेजारच्या देशातल्यासारखा का नाही, हे आम्ही तरी कधी कुणाला सांगितलं? म्हणून आजचं हे बोलणं.

गोष्ट सुरू होते आपल्याच जिल्ह्यांतून. आम्ही बी.ए.ला इतिहास घेतला होता, तेव्हा 'दख्खनचे दंगे' हा पाच मार्कांचा प्रश्न असायचा. पाठ केला, लिहिला, विसरलो. गटाचं काम सुरू केल्यावर कळलं की तो आपल्याच पेटीचा जन्म आहे. १२ मे १८७५, बाजाराचा दिवस, पुणे जिल्ह्यातलं सुपे. आजूबाजूच्या गावांतले शेतकरी जमले, सावकारांच्या दुकानांत शिरले आणि वह्या, कर्जरोखे बाहेर काढून पेटवून दिले. मग हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. लक्षात घ्या, लोकांना हवे होते ते कागद. माणसं मारण्यापेक्षा कागद जाळण्याकडे त्यांचा कल होता.

कागदावर एवढा राग का? अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस थांबला, आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार मागेल त्याला कर्ज देऊ लागले. युद्ध संपलं, भाव कोसळला आणि त्याच सुमाराला सरकारने शेतसारा वाढवला. त्यात १८५९ चा मुदतीचा कायदा होता. कर्जरोखा तीनच वर्षं चालेल, असा तो नियम. केला होता शेतकऱ्याच्या भल्यासाठी, पण सावकाराने त्यातून वाट काढली. दर तीन वर्षांनी थकलेलं व्याज मुद्दलात मिळवायचं आणि नवा रोखा करून अंगठा घ्यायचा. पुढे सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याच्यासमोर एक प्रकरण असं आलं की शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून जास्त व्याज लावलं होतं. अंगठा देणाऱ्याला कागदात काय लिहिलंय हे माहीतच नाही. "जुनं फेडायला नवं" हा शब्द आपण आज वापरतो ना, तो तेव्हाचाच आजार.

१८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा आला. त्यात कोर्टाला कर्जाचा मागचा सगळा हिशेब उकरून बघण्याची मुभा मिळाली. पण सावकाराला आवर घातला तरी पैसा कुठून आणायचा हा प्रश्न राहिलाच. मग मद्रास सरकारने फ्रेडरिक निकल्सन नावाच्या अधिकाऱ्याला युरोपात पाठवलं. जर्मनीत रायफायझन नावाच्या गावप्रमुखाने गावकऱ्यांच्या पतसंस्था काढल्या होत्या, गावातल्यांनी गावातल्यांना ओळखीवर कर्ज द्यायचं. निकल्सनने परत येऊन सांगितलं की हाच रस्ता. आणि १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला.

हा कायदा आपल्या मुंबई इलाख्याला लागू झाला तसाच बंगालला झाला. म्हणजे आज ज्याला आपण बांगलादेश म्हणतो तिथल्या खेड्यालाही तोच कायदा, तीच सोसायटी. १९४७ पर्यंत दोन्हीकडची गोष्ट एकच आहे. आणि दोन्हीकडे ती सारखीच फसली.

आपल्याकडचा आकडा तर आपल्याला माहीत आहे. स्वातंत्र्यानंतर रिझर्व्ह बँकेने सगळ्या देशात ग्रामीण कर्जाची पाहणी केली. गोरवाला समिती म्हणतात तिला, आपले धनंजयराव गाडगीळही तिच्यात होते. १९५४ मध्ये अहवाल आला. शेतकऱ्याने घेतलेल्या शंभर रुपये कर्जातले सोसायटीचे जेमतेम तीन होते आणि सावकारांचे सत्तरच्या आसपास. कायदा होऊन पन्नास वर्षं झाली होती, तेव्हाची ही गत.

त्या तीन रुपयांत बाईचे किती असतील? सोसायटीचं कर्ज जमिनीवर आणि पिकावर. सातबारा कुणाच्या नावावर? सासऱ्याच्या, नवऱ्याच्या, दिराच्या. शेतात राबणारी बाई सोसायटीच्या पायरीपर्यंत कधी गेलीच नाही. ही गोष्ट धुळ्यात खरी होती आणि ढाक्यातही. आम्हाला वाटतं, दोन्ही देशांत पुढे जे घडलं ते या एका दारातून. जिच्याकडे जमीन नाही तिला पैसा कसा मिळेल, हा प्रश्न दोघांनी सोडवला, फक्त वेगवेगळ्या टोकांनी.

आता आधी शेजारचं सांगतो.

बांगलादेश १९७१ च्या डिसेंबरमध्ये स्वतंत्र झाला. युद्धाने देश मोडलेला. पुढच्याच वर्षी सरकारने बँका ताब्यात घेतल्या आणि त्यांना सोनाली, जनता, रूपाली, अग्रणी अशी छान छान नावं दिली. पण गावागावात शाखा काढण्याइतकी ताकद कुठून आणणार? १९७४ मध्ये तर दुष्काळ पडला. त्या काळात चितगाव विद्यापीठात मुहम्मद युनूस नावाचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक शिकवत होते. विद्यापीठाच्या शेजारीच जोबरा हे गाव. तिथे त्यांना सुफिया बेगम भेटल्या. त्या बांबूचे मोढे, म्हणजे बसायची स्टुलं विणत.

हिशेब ऐका. बांबूला लागत पाच टका. तेवढे जवळ नाहीत म्हणून व्यापाऱ्याकडून घ्यायचे. अट एकच, मोढा त्यालाच विकायचा, त्याच्या भावाने. तो देई पाच टका पन्नास पैसे. दिवसभर बोटं सोलून हातात पन्नास पैसे. पाच टका नव्हते म्हणून ती बाई जन्मभर दुसऱ्याची मजूर. युनूस सरांनी विद्यार्थिनीला गावात असे आणखी कोण आहेत ते शोधायला सांगितलं. यादी निघाली ४२ जणांची, आणि सगळ्यांची मिळून गरज ८५६ टका. त्यांनी ते खिशातून दिले. हे १९७६ साल.

मग ते बँकेत गेले. तिथल्या साहेबाने जे सांगितलं ते तुमच्या-आमच्या चांगलं ओळखीचं आहे. तारण नाही, फॉर्म भरता येत नाही, रक्कम इतकी लहान की कागदाचा खर्चही निघायचा नाही. शेवटी प्राध्यापक स्वतः दहा हजार टक्यांपर्यंत जामीन राहिले, आणि तेवढ्यालाही कित्येक महिने पत्रं लिहावी लागली. गावात पडदा पाळत, त्यामुळे सर अंगणात उभे राहायचे आणि त्यांची विद्यार्थिनी घरात जाऊन बायांशी बोलून यायची. निम्म्या तरी कर्जदार बाया असाव्यात असं त्यांनी ठरवलं होतं, तेवढ्यालाच सहा वर्षं लागली. पुढे मात्र शंभरात पंच्याण्णवहून जास्त बायाच झाल्या.

१९७९ मध्ये टांगाईल जिल्ह्यात काम वाढलं आणि २ ऑक्टोबर १९८३ ला ग्रामीण बँक ही वेगळी बँक उभी राहिली. पद्धत अशी: पाच जणींचा गट, नात्यातली नको. आधी दोघींना कर्ज, त्यांनी हप्ते भरले की पुढच्या दोघींना, गटप्रमुखाला सगळ्यात शेवटी. (आमच्याकडे अध्यक्षा पहिला अर्ज आपलाच लिहितात, असा आमचा अनुभव. रागावू नका.) सहा-आठ गट मिळून एक केंद्र, दर आठवड्याला बैठक, वर्षभराच्या आठवडी हप्त्यांत कर्ज फिटणार. बँकेचा माणूस वही घेऊन सायकलवर गावात येणार. १९८४ मध्ये बायांनी सोळा ठराव केले, त्यात हुंडा घेणार नाही आणि देणार नाही हाही होता. त्याच सुमाराला घरासाठी कर्ज सुरू झालं, त्याची एक अट आम्हाला फार आवडते: घराखालची जागा बाईच्या नावावर पाहिजे. नवऱ्याने नाव लावून दिल्याशिवाय पैसे नाहीत. टाकून देईन म्हणणाऱ्या नवऱ्याला मग स्वतःलाच घराबाहेर निघावं लागलं असतं.

आणखी एक, आणि ही गोष्ट फायनान्सवाला सांगत नाही. त्या बँकेचे मालक कर्जदारच. प्रत्येक बाईने शंभर टक्यांचा शेअर घ्यायचा. संचालक मंडळात वर्षानुवर्षं नऊ जणी कर्जदारांनी निवडून दिलेल्या होत्या. २००६ चं शांततेचं नोबेल निम्मं युनूस सरांना आणि निम्मं बँकेला मिळालं, तेव्हा बँकेच्या वतीने ते घ्यायला मंडळावरच्या तस्लिमा बेगम ओस्लोला गेल्या.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे बँका नव्हत्या असं नाही, बँका होत्या आणि बाया बाहेर होत्या. १९ जुलै १९६९ ला इंदिराबाईंनी १४ बँका सरकारी केल्या, तेव्हा देशात आठ हजारांवर शाखा होत्या. १९९० पर्यंत त्या साठ हजारांच्या घरात गेल्या. १९७५ मध्ये ग्रामीण बँका निघाल्या, १९८२ मध्ये नाबार्ड. म्हणजे इमारत गावाजवळ आली, पण काउंटरपलीकडचा माणूस आपल्याकडे बघेना.

मधल्या काळात बायांनी स्वतः दारं ठोठावली. १९७४ मध्ये अहमदाबादला इलाबेन भट्ट यांच्या 'सेवा' संघटनेतल्या चार हजार बायांनी दहा-दहा रुपये काढून स्वतःची बँक उभी केली. भाजीवाल्या, गोधड्या शिवणाऱ्या, गाडे ओढणाऱ्या. पुढे आपल्या माणदेशात, म्हसवडला, चेतना सिन्हा आणि तिथल्या बायांनी बँकेसाठी अर्ज केला, तर सह्यांच्या जागी अंगठे म्हणून तो परत आला. बाया शिकल्या, पुन्हा गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, व्याजाचं गणित घाला, आम्ही तोंडी सोडवतो. १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक सुरू झाली.

पण आपला बचत गट ज्या वाटेने आला ती कर्नाटकातली. तिथे मायराडा नावाची संस्था काम करत होती. १९८० नंतरच्या त्या वर्षांत मोठ्या सहकारी सोसायट्या पुढाऱ्यांच्या भांडणात मोडत चालल्या होत्या. गावातले लोक संस्थेकडे आले आणि म्हणाले, सोसायटीत पैसे भरणार नाही, आम्ही पंधरा-वीस जण एकमेकांवर विश्वास ठेवतो, आम्हालाच सांभाळू द्या. त्यातून छोटे गट निघाले. १९८७ मध्ये नाबार्डने त्यांना दहा लाख रुपये दिले, गट जेवढी बचत करतील त्यात भर घालून बघायला. ते जमलं, म्हणून रिझर्व्ह बँकेने १९९१ मध्ये बँकांना परवानगी दिली आणि १९९२ मध्ये नाबार्डने देशभरात फक्त ५०० गट बँकेशी जोडून बघायचं ठरवलं. पहिल्या वर्षी जोडले गेले २५५. आज सव्वा कोटीहून जास्त गटांची खाती आहेत.

त्या परवानगीत आपल्याला आज साधी वाटणारी एक मोठी गोष्ट होती. गटाची नोंदणी झालेली नसली तरी बँक त्याच्या नावावर खातं उघडेल आणि तारण न घेता कर्ज देईल. आणि ते कर्ज कशासाठी वापरायचं, कुणाला द्यायचं, किती व्याजाने, हे गट ठरवेल. बँक विचारणार नाही. भिशी तर आपल्या आज्याही लावायच्या. भिशीला बँकेचं दार उघडलं, एवढीच ही क्रांती.

आता दोन वह्या शेजारी ठेवून बघा. तिकडे कर्ज आधी, बचत त्याला चिकटून. इकडे बचत आधी, कर्ज नंतर. तिकडे कर्ज एकेका बाईच्या नावावर, इकडे गटाच्या. तिकडे वही बँकेच्या माणसाकडे, इकडे आपल्या सचिवाकडे. तिकडे व्याज बँकेकडे गेलं, इकडे शेकडा दोनने आपण जे व्याज भरतो ते पेटीतच राहतं आणि वर्षाखेरीला आपलंच असतं. दोघांना आपापली कारणं होती. त्यांच्याकडे शाखा नव्हत्या म्हणून बँकच गावात चालत गेली. आपल्याकडे शाखा होत्या, म्हणून बाईला तिथपर्यंत चालत न्यायचं ठरलं.

तिकडचं सगळं गोड होतं असं नाही. तिथे प्रत्येक कर्जातून शंभराला पाच टका गट निधीत कापून घेत. तो निधी बायांना सहज काढता येत नसे आणि त्यावरून सभासद बँकेशी भांडले. १९९८ मध्ये महापूर आला, देशाचा दोन-तृतीयांश भाग पाण्याखाली आणि तोही अडीच महिने. म्हशी गेल्या, भात गेला. आठवडी हप्ता मात्र घड्याळासारखा ठरलेला. हप्ते थकले, बाया बैठकीला यायच्या बंद झाल्या. तेव्हा बँकेने स्वतःचेच नियम मोडले. २००१-०२ पासून थकलेलीला हप्ता लहान आणि मुदत लांब करून मिळू लागली, साधी बचत खाती आणि म्हातारपणासाठी ठेव योजना आली. म्हणजे पंचवीस वर्षांनी ती बँक बचतीकडे वळली. हे वाचलं तेव्हा आम्हाला त्या सुनेला लगेच फोन करावासा वाटला.

आपलंही काही कमी नाही. १९९९ नंतर सरकारी योजनेत अनुदान होतं, तर अनुदानापुरते गट निघाले. उद्दिष्ट मार्चअखेरीचं, गट कागदावरचे, फोटो काढून झाल्यावर सतरंजी गुंडाळली. शिवाय बँकेत चौथ्या खेपेला "साहेब रजेवर आहेत" ऐकून परत येणारी बाई गुरुवारच्या माणसाकडे वळली तर तिला आम्ही कोणत्या तोंडाने बोलणार?

आणि दोन्ही वाटा एकमेकींवर आदळल्या त्या आंध्रात. नेल्लोर जिल्ह्यात १९९२ च्या सुमाराला बायांनी दारूबंदीचं आंदोलन केलं आणि दारूचे वाचलेले पैसे रुपया-रुपया करून गटांत साठवले. देशात सगळ्यात दाट गट तिथे. तिथेच पुढे कर्ज कंपन्या आल्या. त्यांनी बांगलादेशाकडून आठवडी बैठक घेतली, एकमेकींची हमी घेतली, दारात येणं घेतलं. दोन गोष्टी मात्र घेतल्या नाहीत. एक बचत, कारण अशा कंपन्यांना ठेवी घ्यायला परवानगीच नाही. दुसरी मालकी. तिकडे शेअर कर्जदार बाईकडे होता, इथे शेअर बाजारात होता. एका बाईकडे तीन-तीन, चार-चार कंपन्यांची कर्जं झाली, वसुलीच्या जाचाच्या आणि आत्महत्यांच्या बातम्या आल्या, आणि ऑक्टोबर २०१० मध्ये राज्य सरकारला वटहुकूम काढावा लागला.

तेव्हा त्या पोरीला आमचं उत्तर असं. दोन्ही गट खरे होते, जोबऱ्याचाही आणि आपलाही. देवळामागचा गुरुवार यातला कुठलाच नाही. तो उसना हप्ता आहे.

तरी गुरुवारी बसणाऱ्या मैत्रिणींना आम्ही नावं ठेवणार नाही. त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये केलेले नियम सांगतो, लिहून घ्या. घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून महिन्याचे हप्ते घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होतील असं कर्ज देता येत नाही. वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास, काहीच चालत नाही. कर्जाचं कार्ड तुम्हाला समजेल अशा भाषेत मिळालं पाहिजे, त्यावर व्याजदर पाहिजे. आणि मुदतीआधी कर्ज फेडलं तर त्याचा दंड घेता येत नाही.

हा शेवटचा नियम आम्ही मुद्दाम शेवटी सांगितला. देवळामागच्या सात जणींतल्या एकीने तीन ठिकाणची कर्जं घेतली आहेत. पहिलं बोअरला, दुसरं पहिल्याच्या हप्त्याला, तिसरं दुसऱ्याच्या. सुप्याचा रोखाच की हा, फक्त अंगठ्याऐवजी सही. तिचं सगळ्यात महागडं कर्ज फेडायला २८ हजार लागतात. गटाच्या पेटीत आणि खात्यात मिळून ४१ हजार आहेत. पण आणखी दोघींचे अर्ज आधीपासून आहेत, एक शेळ्यांसाठी आणि एक मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी, आणि फीची तारीख जवळ आलीय. सोमवारी बैठक आहे. अध्यक्षताईंनी वेळ बदलून रात्री आठची ठेवलीय, म्हणजे तेराही जणी येतील. त्या नव्या सुनेला यावेळी इतिवृत्त लिहायला सांगितलंय.